एका फुलाचे तीन संग्राहक

केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें १९१३ सालीं 'दि जीनस आयरिस' या नांवाचा एक भारदस्त ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ते विल्यम रिकाटसन डाइक्स हे पेशानें शिक्षक होते. चार्टरहाउस या इंग्लंडांतील नामांकित शाळेंत ते शिकवीत असत. ग्रंथांतील ४७ रंगीत चित्रें एफ. एच. राउंड यांनीं काढलीं. तेही त्याच शाळेंत चित्रकला शिकवीत. वर्गांतले तास, वह्यांची तपासणी आणि परीक्षांचा ससेमिरा सांभाळून एका गृहस्थानें एकाच फुलाच्या कुलावर इतका परिश्रम करावा, आणि त्या विषयाच्या अभ्यासकाला शतकानंतरही तो ग्रंथ उघडल्याशिवाय पुढें जातां येऊं नये, हें पाहून आमच्यासारख्या अध्यापकाच्या मनांत कौतुकाच्या जोडीला थोडासा मत्सरही उत्पन्न झाला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ग्रंथ मिटल्यावर मत्सर निवला आणि एक प्रश्न मात्र मागें राहिला. घराभोंवतालच्या चार वाफ्यांत एकाच फुलाचे शेंकडों प्रकार जमविणाऱ्याला त्यापासून नेमकें काय मिळतें, आणि तें मिळणें कोठें संपतें? या प्रश्नाचा विचार तीन संग्राहकांच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आयरिस हें फूल आमच्या बहुतेक वाचकांच्या अंगणांत नसतें. म्हणून त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ग्रीक पुराणांत इंद्रधनुष्याची जी देवता आहे, तिचें नांव या फुलाला मिळालें आहे. आणि तें सार्थही आहे. निळा, जांभळा, पिवळा, पांढरा, तपकिरी, गुलाबी अशा कितीतरी छटा त्याच्यांत आढळतात. इंद्रधनुष्यांतला एक रंग तेवढा त्याला साधलेला नाहीं, तो म्हणजे अस्सल तांबडा. फुलाच्या तीन पाकळ्या उभ्या राहून वर मिटूं पाहतात व तीन खालीं झुकतात. आणि बागांतून जो वर्ग विशेष आवडीनें लावितात, त्याच्या झुकलेल्या पाकळ्यांवर मऊ केंसांची एक पट्टी असते. तिला तिकडे दाढी म्हणतात. पानें तरवारीच्या पात्यासारखीं असून कंद आल्यासारखा आडवा वाढतो. त्या कंदाची पाठ उन्हांत उघडी असावी लागते. मातीखालीं पुरता गाडला तर तो रुसतो. या कुलांत सुमारें ३०० जाति आहेत व त्या सर्व उत्तर गोलार्धांतल्या आहेत. आपल्या हिमालयांतही त्यांची वस्ती आहे. एका जातीला कुमाऊंचें नांव आहे, आणि काश्मीरांत कबरींवर आयरिस लावण्याची जुनी चाल आहे. दाढीच्या आयरिसाचा मुख्य बहर इंग्लंडांत मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो. एक फूल दोन-तीन दिवस टिकतें. एका दांड्यावर कळ्या अनेक असल्यामुळें तो दांडा पंधरवडाभर शोभा देतो, आणि मग वर्षभर उरतात तीं केवळ पानें.

संग्रहाचा पहिला आनंद डोळ्यांचा आहे. ज्यानें एकच जांभळा आयरिस पाहिला आहे, तो 'जांभळा' हा शब्द उच्चारून मोकळा होतो. ज्याच्या वाफ्यांत वीस जांभळे शेजारीं शेजारीं उभे आहेत, त्याला तो शब्द अपुरा पडूं लागतो. एकाचा जांभळा निळ्याकडे झुकलेला, दुसऱ्याचा शाईसारखा, तिसऱ्याच्या कांठावर तपकिरी झांक. एकाची दाढी पिवळी तर दुसऱ्याची पांढरी, टोंकाला निळसर. कवितेच्या वर्गांत आम्ही विद्यार्थ्यांना जें वर्षानुवर्षें सांगत आलों, कीं समानार्थी म्हणून जे शब्द कोशांत एकत्र बसतात ते खरोखर समानार्थी नसतात, तेंच हा संग्राहक आपल्या वाफ्यांत शिकत असतो. तुलना हा रसिकतेचा पाया आहे, आणि तुलनेला एकाहून अधिक वस्तु लागतात. संग्रहाच्या बाजूनें याहून बळकट युक्तिवाद आम्हांस सुचत नाहीं.

आमचे पहिले संग्राहक सर मायकेल फॉस्टर. यांचा काल १८३६ ते १९०७. ते केंब्रिज विद्यापीठांत शरीरशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. १८८१ पासून १९०३ पर्यंत रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. केंब्रिजजवळ ग्रेट शेलफर्ड येथें चुनखडीच्या उंचवट्यावर त्यांचें घर होतें, आणि पाण्याचा निचरा चांगला होणारी तसली जमीन आयरिसाला मानवते. तुर्कस्थान व त्याच्या आसपासच्या मुलुखांत राहणारे मिशनरी व प्रवासी त्यांना कंद पाठवीत, आणि ते त्यांना फुलवून त्यांचा संकर करीत. या आशियाई जातींचीं फुलें युरोपांतल्या जुन्या बागाइती वाणांहून मोठीं व दांडे उंच असत. त्याचें कारण फॉस्टर यांना ठाऊक नव्हतें. जुन्या वाणांच्या पेशींत २४ रंगसूत्रें असतात व या आशियाई जातींत ४८, हें त्यांच्या मृत्यूनंतर उलगडलें. कारण कळलें नाहीं म्हणून त्यांचें काम अडलें नाहीं. त्यांच्या डोळ्यांनीं जें हेरलें, त्याला शास्त्रानें मागाहून साक्ष दिली. त्यांच्या बागेंतून निघालेल्या एका शुभ्र वाणाचें नांव 'काश्मीर व्हाइट' असें आहे, आणि पुढें झालेल्या पांढऱ्या वाणांच्या वंशावळींत तें पुनःपुनः भेटतें.

फॉस्टर यांच्याविषयीं आमचा आदर मात्र दुसऱ्याच एका गोष्टीसाठीं आहे. आलेला कंद त्यांनीं आपल्या कुंपणाच्या आंत कोंडून ठेवला नाहीं. बागवान मित्रांना त्याचे भाग जात. पत्रांतून त्यांचे अनुभव जात. मृत्यूनंतर त्यांचे अनेक वाण रोपवाटिकांच्या द्वारें सर्वांस मिळूं लागले, आणि त्यांचीं टिपणें त्यांच्या कुटुंबानें एका तरुण शिक्षकाच्या हवालीं केलीं. तो तरुण शिक्षक म्हणजेच डाइक्स.

डाइक्स हे दुसरे संग्राहक. फॉस्टर यांची दृष्टि प्रयोगकर्त्याची, तर डाइक्स यांची पाठचिकित्सकाची. जुन्या पोथ्यांत एकच श्लोक दहा पाठांनीं आढळावा आणि एकाच कवीच्या नांवावर दहांचे श्लोक चढलेले असावेत, तशी आयरिसांच्या नांवांची त्या काळीं दशा झाली होती. डाइक्स यांनीं यावर जो उपाय केला, तो कोणत्याही संशोधकाला भूषणभूत होईल असाच आहे. वाळलेल्या नमुन्यांवर आणि दुसऱ्यांच्या वर्णनांवर विसंबून न राहतां त्यांनीं शक्य तितक्या जाति स्वतः लाविल्या, बियांपासून वाढविल्या, आणि मग लेखणी उचलली. ग्रंथाचा मोठा गुण हा प्रामाणिकपणा आहे. तो वाचीत असतां वर्णनकर्त्यानें हें रोप गुडघे टेंकून पाहिलें आहे, याविषयीं मनांत शंका राहत नाहीं.

दोषही सांगितला पाहिजे. हा ग्रंथ ज्ञानाचा आहे, आनंदाचा नव्हे. कंदाची जाडी, पानाची लांबी, देंठाची घडण, बियांचा आकार यांचा हिशेब चोख मिळतो. पण जूनच्या सकाळीं पहिलें फूल उमलतांना पाहून लेखकाच्या मनाचें काय झालें, हें शोधूं गेल्यास वाचकाची निराशा होते. संकरित वाणांकडे, म्हणजे सामान्य बागवानाच्या लाडक्या फुलांकडे, या ग्रंथाचें लक्ष थोडें आहे. ती उणीव डाइक्स यांनीं १९२४ सालीं बागेंतल्या आयरिसांवर वेगळें पुस्तक लिहून भरून काढली. तोंवर ते शाळा सोडून राजघराण्याच्या नांवानें चालणाऱ्या उद्यानविद्या-संस्थेचे चिटणीस झाले होते. पुढच्याच वर्षीं, १९२५ मध्यें, मोटारच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यांनीं तयार केलेल्या एका पिवळ्या वाणाला मागाहून त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

येथपर्यंत आम्ही आनंदाची बाजू मांडली. आतां मर्यादा. पहिली मर्यादा जागेची. ती आम्ही गणितानेंच मांडतों. ३० फूट लांब आणि २० फूट रुंद एवढा तुकडा म्हणजे ६०० चौरस फूट. एका वाणाच्या जुडग्याला वाढावयास सुमारें ४ चौरस फूट लागतात. पायवाटांसाठीं तिसरा हिस्सा सोडला तर १०० वाण मावतात. तीन-चार वर्षांत जुडगा दाटतो, मधले कंद निकामी होतात व फुलें रोडावतात. म्हणून तो उकरून, तोडून पुन्हा लावावा लागतो. म्हणजे दरसाल सुमारें ३० जुडग्यांचें काम, आणि प्रत्येकांतून पांच-सहा चांगले तुकडे निघाले तर १५० हून अधिक कंद हातीं येतात. त्यांतले थोडे परत लावावयाचे. उरलेल्यांचें काय? एक तर ते खताच्या खड्ड्यांत जातात, नाहीं तर कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या हातांत. वाचकांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

दुसरी मर्यादा काळाची. तीन आठवड्यांच्या वैभवासाठीं ४९ आठवडे तरवारींचें रान सांभाळावें लागतें. हौशी संग्राहक यावर उपाय काढतो: फेब्रुवारींत फुलणारे बुटके गड्ड्यांचे आयरिस आणतो, हिंवाळ्यांत फुलणारी अल्जीरियाकडची जाति भिंतीच्या आडोशाला लावितो. त्यानें ऋतु लांबतो खरा. पण त्याचबरोबर बाग विरळ होत जाते. एका वेळीं एका कोंपऱ्यांत एक फूल, बाकी सर्वत्र पानें आणि पाट्या.

तिसरी मर्यादा हवामानाची, आणि ती सर्वांत निष्ठुर. पश्चिम आशियाच्या उघड्या डोंगरांवर आयरिसांचा एक गट होतो. त्याच्या फुलांचें सौंदर्य गूढ आणि गंभीर असतें. त्यांतली सुझियाना ही जाति सोळाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेनें युरोपांत गेली. करड्या पाकळीवर काळसर शिरांचें जाळें असल्यामुळें तिला शोकवस्त्रांतला आयरिस म्हणतात. या गटाला उन्हाळाभर पाण्याचा थेंबही नको असतो. इंग्लंडच्या पावसाळी उन्हाळ्यांत या जाति टिकविण्यासाठीं फॉस्टर व डाइक्स या दोघांनींही पुष्कळ खटाटोप केला. कांचेचीं झांकणें घालून पाऊस अडवावा, कंद उपटून कोरडे ठेवावे, असे नाना उपाय तिकडे करितात. तरी हें फूल इंग्लंडच्या बागांत पाहुणेंच राहिलें. संग्राहकाच्या यादींत तें असतें. त्याच्या बागेंत बहुधा नसतें.

चौथी मर्यादा नांवाची. बीं झडून जुडग्यांतच रोपें उगवतात. त्यांपैकीं एखादें दणकट निघालें तर कांहीं वर्षांत मूळ वाणाला दाबून टाकतें, आणि पाटी मात्र जुनीच राहते. घराण्याचें नांव दत्तकानें चालवावें तसा हा प्रकार. फक्त येथें दत्तविधान कोणीं केलेलें नसतें आणि कोणाला ठाऊकही नसतें. म्हणून काळजीचा बागवान फूल सुकतांच बोंड खुडतो. शिवाय नोंदलेल्या वाणांची संख्या आज दहा-वीस सहस्रांच्याही पलीकडे गेली आहे. शंभर वाणांची बाग म्हणजे त्या सागरांतली एक ओंजळ. 'पूर्ण संग्रह' हा शब्द या विषयांत निरर्थक झाला आहे, आणि जो त्याच्या मागें लागला, त्याची फुलबाग हळूहळू वहीखातें होऊन बसते.

नांवांच्या या पुराला स्पर्धांनीं व पदकांनीं भर घातली, असें आमचें मत आहे. डाइक्स यांच्या स्मरणार्थ एक पदक ठेवण्यांत आलें. अमेरिकेंत तें १९२७ सालीं प्रथम दिलें गेलें. हेतु स्तुत्य होता. पण ज्या पुरुषानें आयुष्याचीं उत्तम वर्षें रानांतल्या मूळ जातींचा शोध घेण्यांत घालविलीं, त्याच्या नांवाचें पदक बागवानांनीं घडविलेल्या नव्या वाणांना मिळावें, यांत एक विसंगति आहे. दर पिढीचें फूल आधींच्याहून मोठें झालें, पाकळ्यांना झालरी आल्या, रंग भडक झाले. नाविन्य वाईट नव्हे. पण नव्याची आवड आणि चांगल्याची पारख या दोन गोष्टी एक नव्हेत. वाङ्मयाच्या प्रांतांत हा अनुभव आम्हांस नवा नाहीं.

या ठिकाणीं आमचे तिसरे संग्राहक पुढें येतात. सर सेड्रिक मॉरिस (१८८९–१९८२) हे चित्रकार. १९३७ सालीं त्यांनीं व त्यांचे जन्माचे साथी लेट-हेन्स यांनीं डेडम गांवीं चित्रकलेची एक शाळा काढली. १९३९ मध्यें ती जळाली. तेव्हां सफोक परगण्यांत हॅडली गांवाजवळच्या बेंटन एंड या जुन्या घरांत त्यांनीं बिऱ्हाड हलविलें. तेथें मॉरिस दरसाल बियांपासून आयरिसचीं शेंकडों रोपें वाढवीत. त्यांतून त्यांनीं नांव देण्याजोगे म्हणून आयुष्यभरांत निवडले ते सुमारें ९०. बहुतेकांच्या नांवांत 'बेंटन' हें घराचें नांव आहे; 'बेंटन मेनेस' हें तर त्यांच्या एका मांजराचें नांव. 'आयरिस सीडलिंग्ज' हें त्यांचें १९४३ मधलें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे.

आमचें लक्ष वेधतें तें शेंकडों आणि ९० यांमधलें अंतर. चित्रकाराच्या डोळ्यानें त्यांनीं निवड केली. आकाराचा डौल हवा, रानफुलाची नाजुकता राहिली पाहिजे, रंग राखी, फिका जांभळा, धुरकट गुलाबी असा मनांत रेंगाळणारा हवा. या कसोट्यांना जें उतरलें नाहीं, तें त्यांनीं टाकलें. आयरिसांच्या जोडीला त्यांच्या बागेंत खसखशीचीं फुलें, जुने गुलाब, नाना तऱ्हेचे गड्डे मिसळून लाविलेले असत. त्यामुळें जून संपला म्हणून बाग संपत नसे. फॉस्टर यांनीं जमविलें, डाइक्स यांनीं पारखून नांवें दिलीं, मॉरिस यांनीं वगळलें. आमच्या मतें ही तिसरी पायरी सर्वांत अवघड. कारण जमविण्यास हौस पुरते, नांव देण्यास विद्या पुरते, पण आपणच वाढविलेलें रोप उपटून टाकण्यास स्वतःच्या रुचीवर विश्वास लागतो. ज्यानें हें केलें, त्याचा संग्रह ही एक कृति होते.

आणि तरीही मॉरिस यांच्या निधनानंतर ती बाग मोडली. बागेचें आयुष्य बागवानाच्या गुडघ्यांइतकेंच असतें, हें कोणत्याही संग्राहकाला चुकलेलें नाहीं. पण बेंटन आयरिस नाहींसे झाले नाहींत. मॉरिस हे हात सैल सोडून देणारे गृहस्थ होते. आल्यागेल्याला कंद मिळत. ते कोणाच्या परसांत, कोणाच्या रोपवाटिकेंत, कांहीं तर परदेशांतही जगत राहिले. सिसिंगहर्स्टच्या प्रसिद्ध बागेच्या माजी प्रमुख बागवान सारा कुक यांनीं ते एकेक करून शोधून काढले. वीसाहून अधिक वाण पुन्हा एकत्र आले, आणि २०१५ सालीं चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनांत लोकांनीं ते पाहिले. जे वाण मॉरिस यांनीं वाटले, त्यांतूनच हें पुनरुज्जीवन झालें; जे कोणालाच दिले गेले नाहींत, त्यांचीं फक्त नांवें उरलीं. मघाशीं जें गणित आम्हीं केलें, त्याचें उत्तर येथें मिळतें. जागा अपुरी पडते म्हणून संग्राहकाला द्यावें लागतें, आणि दिलेलें तेवढेंच त्याच्यामागें राहतें. जी मर्यादा त्याला आयुष्यभर जाचली, तिनेंच त्याचा संग्रह तारला.

आमच्या स्वतःच्या अनुभवाचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख संपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें काश्मीरहून येतांना आयरिसचे तीन कंद आणून दिले होते. पुण्याच्या अंगणांत, विटांच्या चुऱ्यावर, ग्रंथांत सांगितल्याप्रमाणें पाठ उघडी ठेवून आम्हीं ते लाविले. पानें आलीं, हिरवीं, ताठ, देखणीं. दोन हिंवाळे गेले, पण या फुलाला कळी धरावयास जी कडक थंडी लागते, ती पुण्याच्या हिंवाळ्यानें कोठून द्यावी? आमच्या घरांतून दर आठवड्यास विचारणा होई, "अहो, तुमच्या त्या तरवारींना फूल यायचें कधीं?" तिसऱ्या पावसाळ्यांत कंद कुजले. ज्या दिवशीं आम्हीं ते उपटून टाकले, त्याच दिवशीं शेजारच्या आजीबाई कुंपणापाशीं आल्या आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, जागा रिकामी झालीच आहे, तर हे सोनटक्क्याचे गड्डे लावा." आम्हीं ते लाविले. भाद्रपदांत संध्याकाळीं दिवेलागणीला आतां सारें अंगण दरवळतें. त्या गड्ड्यांचीं पोरें आम्हीं आजवर किती घरीं दिलीं, याची आम्हीं नोंद ठेविलेली नाहीं. आणि आजीबाईंना ते कोणाकडून मिळाले होते, हें त्यांनाही आठवत नव्हतें.

डाइक्स यांचा ग्रंथ आम्ही अजूनही अधूनमधून ग्रंथालयांतून आणतों. राउंड यांचीं चित्रें पाहतांना न फुललेल्या त्या तीन कंदांचें दुःख आतां वाटत नाहीं. उलट, ज्यांना तें फूल स्वतःच्या अंगणांत पाहतां आलें, त्यांनीं तें आमच्यासारख्या दूरस्थांसाठीं इतकें निगुतीनें पाहून ठेविलें, याबद्दल कृतज्ञता वाटते. संग्राहकांना आमचें एवढेंच सांगणें आहे: जरूर जमवा, कारण जमविल्यावांचून डोळा तयार होत नाहीं. पण वाफा भरला कीं हातांत फावडें घ्या, आणि शेजाऱ्याला हांक मारा.